ताई, आवृत्ती दुसरी

आमच्या ताई काल निवृत्त झाल्या. छे, झाल्याच नाहीत.

झालं असं, की ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधला कर्मचाऱ्यांचा आराखडा मी जुन्या फॉरमॅटमधून नव्यात उतरवला. त्यात माणशी एक चौकोन, आणि चौकोन जोडणारे बाण. ताईंच्या चौकोनातल्या 'निवृत्ती'ची रूपांतरात 'आवृत्ती' झाली. सकाळी बघतो तर रिकाम्या खुर्चीत ताई, आवृत्ती दुसरी, धुक्याइतक्या पातळ, माझे वाकडे बाण सरळ करत बसलेल्या.

"चूक दुरुस्त कर, गाढवा," त्या हसल्या.

"मग तुम्ही जाल."

"जाईनच. पण तू बाण सरळ काढायला कधी शिकणार?"

मी मुद्दाम आणखी एक वाकडा काढला. तो सरळ करायला त्या थांबल्या.

तरी आराखडा मंजूर करणाऱ्या माननीय साहेबांनी ताईंची हीच आवृत्ती अंतिम समजावी, ही नम्र विनंती.