उजव्या पायाचं मधलं बोट

गुणवंतरावांना आपली प्रत्येक कोंबडी चेहऱ्यानं ओळखू येत असे. निदान ते तसं सांगत. आरमोरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते समाजशास्त्र शिकवत, आणि परसातही त्यांनी एक मिश्र समाज वसवला होता: काळ्या कडकनाथ, धिप्पाड गिरिराज, गावरान लाल, आणि बाजारात गुलाबी रंगवून विकलेली, पुढं पांढरी निघालेली काही पिल्लं. सगळे गुण्यागोविंदानं नांदतात, असं ते फोनवर इवायाला, म्हणजे व्याह्यांना, सांगत. प्रत्यक्षात गिरिराज सगळ्यांना टोचत आणि कडकनाथ भिऊन आवळ्याच्या झाडावर झोपत.

बांबूच्या कुंपणापलीकडं पानठेलेवाला नथ्थू राहायचा. त्याच्या जिभेला सारी आरमोरी दबकून असे.

"सर, पिल्लं लहान हाय तवरच खूण करून ठेवा," तो म्हणाला होता. "आमच्या घरची खूण म्हंजे उजव्या पायाचं मधलं बोट. शेंड्याले छाटाचं. मंग कोनाचा कोन, झगडाच नाई."

"क्रूरपणा आहे हा. शिवाय मी चेहरे ओळखतो."

"वर्गातल्या पोट्ट्याइले वळखत नाई म्हंते, अन् कोंबड्याइले वळखते!"

लेक करिश्माचे सासरे धनराजजी लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आले, तेही न कळवता, गडचिरोलीच्या सकाळच्या बसनं. 'याल तेव्हा घरचा कोंबडा खाऊ घालीन' हे वाक्य गुणवंतराव त्यांना चार महिने ऐकवत होते. आता मोकळा सुटलेला कोंबडा दिवसाढवळ्या हाती येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. इस्त्रीच्या शर्टात, टॉवेल घेऊन ते परसभर धावले. इवाई खुर्चीवरून सूचना देत होते. अखेर दाण्याशी निवांत उभा असलेला एक लाल कोंबडा अजिबात न पळता हाती आला.

"ओळख आहे ना," गुणवंतराव धापा टाकत म्हणाले.

या विजयाला साक्षीदार हवा म्हणून त्यांनी नथ्थूलाही जेवायला बोलावलं.

गुणवंतरावांच्या पत्नी नीलिमाबाईंनी वाढलं. "नथ्थूभाऊले पाय आवडते," म्हणत दोन्ही पाय त्याच्या ताटात टाकले.

"चव तं हाय जी इवाई!" धनराजजी म्हणाले. "काय चारता?"

गुणवंतराव समतोल आहारावर बोलू लागले. नथ्थूनं एक पाय तोंडाशी नेला, थांबला, उलटा करून पाहिला. मधलं बोट आखूड होतं.

गुणवंतरावांनाही ते दिसलं. त्यांचं वाक्य कुठं चाललं होतं ते त्यांना आठवेना. आता नथ्थू बोलणार. संध्याकाळच्या बसनं ही गोष्ट लेकीच्या सासरी पोचणार. करिश्मा तिथं जन्मभर कोंबडीचोराची पोरगी म्हणून भाकरी थापणार.

नथ्थूनं पाय तोंडात घातला. नीट चोखला.

"तांदळाची कनकी चारतेत, जी," तो इवायाला म्हणाला. "अन् उधई. सर सकाळी सकाळी वारूळ खोदून आनतेत."

"सर?"

"मंग! घाम गाळतेत."

जन्मात वारुळाला हात न लावलेल्या गुणवंतरावांनी मान डोलावली. आपली मान डोलते आहे हे लक्षात आलं, तरी ती थांबेना.

निघताना इवाई म्हणाले, "अस्साच एक कोंबडा द्या जी. मी बी सुरू करतो."

"पाठवतो ना, पुढं कधी…"

"पुढं काऊन?" म्हणत नथ्थू उठला, कुंपण ओलांडून गेला आणि पाय बांधलेला लाल कोंबडा घेऊन आला. मेलेल्याचा सख्खा भाऊ. "दिवसा माह्याकडंच राह्यते हा," म्हणून त्यानं तो इवायाच्या पिशवीत ठेवला.

"याचं बोट काऊन तुटलं?"

"खूण हाय जी. सरच्या घरची."

"शिकलेला मानूस करते तं पद्धतशीर करते," इवाई म्हणाले. गुणवंतराव आपल्या चपलांकडं पाहत होते.

दिवस बुडताना त्यांनी खुराड्यात हात घातला. पेंगुळलेला लाल कोंबडा मुकाट्यानं हाती आला. तो घेऊन ते कुंपणापलीकडं गेले.

"नथ्थूभाऊ, हा घ्या. आणखी एक देतो. मी… चुकून…"

नथ्थूनं कोंबड्याचे पाय दिव्याकडं उलटून पाहिले. दोन्ही पायांची बोटं शाबूत होती.

"हा कोनाचा हाय, सर?"

गुणवंतरावांनी कोंबड्याच्या चेहऱ्याकडं बराच वेळ पाहिलं.