झिंगा खणायचा, मी पहारा द्यायचो

मित्रांनो, क्षणभर असं माना की तुम्हाला शेपटी आहे आणि तिच्यावर कुणाची तरी लांब मिशी सतत टेकलेली आहे. त्या मिशीचा मालक जवळजवळ आंधळा आहे. संकट दिसलं की तुम्ही शेपटी हलवायची आणि दोघांनी बिळात पळायचं. आता असं माना की एका सकाळी ती मिशी शेपटीवर नाही.

मी एक गोबी आहे, तुमच्या बोटाएवढा समुद्रातला मासा. माझ्या पोटात हवेची पिशवी नाही, म्हणून मी तरंगत नाही, वाळूवर बसतो. पोटाखालचे पर जुळून त्यांची वाटी झाली आहे, तिनं दगड धरून ठेवतो. बीळ मात्र मला खणता येत नाही. ते तो मिशीवाला झिंगा खणायचा, मी दाराशी पहारा द्यायचो. प्रवाळाच्या खडकाजवळ आमचं असंच चाललं होतं. मग जाळी आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि शेवटी नागपूरच्या दुकानातली काचेची पेटी.

तिथं आम्हाला संघपालनं पाहिलं. तो चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करतो. वाळू उपसणाऱ्या झिंग्याकडे तो कितीतरी वेळ वाकून पाहत राहिला. मग लेकीला म्हणाला, "पाय रीना, हा माह्यावानी खाली खोदून राहिला, अन् हा वरतं राखण करून राहिला."

त्यानं दोघांनाही घेतलं. दुकानदारानं बजावलं, "खारंच पाणी लागते. साधं टाकलं तं मरन."

सहावीतल्या रीनानं आम्हाला जिवापाड जपलं. मी उडी मारून बाहेर पडू नये म्हणून पेटीवर जाळी लावली. समुद्री मीठ मोजून बादलीत विरघळवलं. एप्रिल लागला, तेव्हा पाणी तापू नये म्हणून कूलर आमच्याकडे फिरवला.

"मले घामानं भिजू दे, अन् मासोयीले वारा दे!" तिची आजी पार्वताबाई कुरकुरली.

"तुले पंखा हाये ना, आजी."

त्या वाऱ्यानं पाणी रोज बोटभर उतरायचं. रीना तेवढंच खारं पाणी वरून भरायची. मित्रांनो, चूक इथंच होती, आणि ती मला सांगता येत नव्हती. वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी. मीठ पेटीतच राहतं. त्यावर रोज आणखी मीठ पडत होतं. माझे कल्ले जळू लागले. काचेच्या काठावर पांढरा थर चढला. रीना तो फडक्यानं पुसून काच चकचकीत ठेवायची.

झिंग्याचं खणणं मंदावलं. कात टाकताना तो अर्धा बाहेर आला आणि तसाच राहिला. मी शेपटी हलवली. पुन्हा हलवली.

"मी तं रोज बराबर मीठ टाकलं, आजी," रीना रडत म्हणाली.

पार्वताबाईनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "रोज टाकलं? अवं पोरी, वरण आटलं तं आपण वरतून पाणी टाकतो का मीठ?"

त्या दिवसापासून रीना पेटीत गाळलेलं साधं पाणी घालते, रोज थोडं थोडं. कल्ल्यांची आग कमी झाली. पण उपसणारा नाही, म्हणून बीळ बुजत चाललं आहे. मी उघड्यावर बसून राहतो. खायला टाकलेलं पुष्कळदा तसंच पडून राहतं. कशासाठी जागं राहायचं, ते मला कळत नाही.

मित्रांनो, समुद्रातला जीव घरी आणण्याचा हट्ट धराल, तर आधी त्याचं पाणी समजून घ्या. नुसती माया आम्हाला पुरत नाही.

काल संघपाल पाळीवरून आला आणि म्हणाला, "रडू नको. येत्या इतवारी दुसरा झिंगा आणतो."

"नको, बाबा."

"काहून? मंग ह्याचं घर कोण खोदन?"

रीनानं बाही कोपरापर्यंत सारली, हात स्वच्छ धुतला, चमचा घेऊन पाण्यात घातला आणि बिळाच्या तोंडाशी आलेली वाळू हळूहळू ओढू लागली. वाळू परत ढासळली. तिनं परत चमचा लावला.