उतरलेला फोन

कोथरूडच्या त्या घरात एक अलिखित कायदा होता. दिगंबररावांनी नवा फोन घेतला की त्यांचा जुना श्यामलाबाईंना मिळायचा. थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याला, त्यातलाच प्रकार. पण कपडे निदान धुऊन तरी मिळतात. हा फोन दिगंबररावांच्या खात्यासकट, त्यांना आलेल्या शेकडो सुप्रभातांसकट आणि काचेवरच्या तड्यासकट यायचा.

श्यामलाबाईंची याबद्दल तक्रार नव्हती, असं कोणी समजू नये. होती, आणि चांगली खणखणीत होती. त्या भजनी मंडळात अभंगांना नव्या चाली लावत. चाल मेली सुचणार कधी, तर नेमकी कणीक मळताना. मग हात पुसायचे आणि फोनमध्ये गुणगुणून ठेवायची. पण फोन भरला की दिगंबरराव हक्काने तो साफ करायला घेत. खातं त्यांचं, म्हणून झाडूही त्यांचाच. मागे एकदा एक छान जमलेली चाल त्यांनी "नुसतीच गुणगुण होती" म्हणून पुसून टाकली. त्यानंतर श्यामलाबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. दिगंबररावांना वाटलं, घसा बसलाय.

तेव्हापासून ती चाल श्यामलाबाई मनातच घोळवत होत्या. फोनमध्ये ठेवायचा धीर होत नव्हता आणि डोक्यात ठेवावी तर साठीच्या डोक्याचा काय भरवसा! म्हणून मुलगा आमोद जेव्हा म्हणाला, "या वाढदिवसाला आईला नवाकोरा फोन," तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला.

आनंद झाला खरा, पण कोणता फोन यावरून घरात महाभारत सुरू झालं. आमोद आयफोनवाला, सून ऋचा अँड्रॉइडवाली. लग्नात पत्रिका जुळल्या होत्या, फोन बघायचे राहिले होते. पूर्वी चार्जरवरून तरी भांडायची सोय होती. आता दोघांना एकच चार्जर चालायला लागल्यापासून भांडण थेट मुद्द्यावर येई.

"वाद नको, परीक्षा घेऊ," दिगंबरराव म्हणाले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. घरात पाहुणा जरी आला तरी त्याला मार्क देणारे.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर परीक्षा भरली. विजेचं बिल भरा, अक्षर मोठं करा, मराठीत निरोप लिहा, गेल्या दिवाळीचा फोटो शोधा. आमोद आणि ऋचा आपापल्या फोनवर तुटून पडले. अक्षराच्या प्रश्नात आमोदची सरशी झाली, निरोपात ऋचाची. स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी परतता परतता श्यामलाबाई सगळं ऐकत होत्या. फोन त्यांना घ्यायचा होता आणि पेपर सोडवत होते दोन कॉम्प्युटर इंजिनियर. त्यांना कोणी साधी हाकसुद्धा मारली नव्हती.

शेवटी परीक्षक दोन्ही फोन हातात घेऊन बसले आणि हरखून गेले. "काय स्वच्छ दिसतं हो यात! असं करू, नवा मी घेतो. माझा वर्षाचाच तर आहे, तो श्यामलाला देऊ. तिला असं लागतं तरी काय?"

श्यामलाबाई उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांना रडू येत होतं, पण रागाने त्याला वाट दिली नाही. "काय लागतं ते विचारलंत कधी? सरका बाजूला. मी बसते परीक्षेला."

त्यांनी पदराला हात पुसले. आधी आमोदच्या आणि मग ऋचाच्या फोनवर "हॅलो, हॅलो" करून आवाज साठवला, तिथून बाहेर पडून एक फोन केला, बातम्या उघडल्या, त्यात मुद्दाम हरवल्या आणि परत आवाजाकडे यायला निघाल्या. आमोद मदतीला हात पुढे करी, तेव्हा त्या उलथनं दाखवत.

"दोन्ही चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "आमोदचा दिसायला उजवा. पण मला फोनमध्ये पुढे जायला काहीच अडचण येत नाही रे, माझी सगळी अडचण मागे येण्यात. ऋचाच्या फोनला डावी असो की उजवी, कुठल्याही कडेकडून बोट आत ओढलं की मागे येता येतं. तुझ्यात कधी डावी कड, तर कधी कोपऱ्यातला बाण. मला हाच हवा."

ऋचाने सासूला टाळी दिली. आमोद मुकाट्याने खिचडी खाऊ लागला.

संध्याकाळी कर्वे रोडवरच्या दुकानात फोन घेतला. दुकानदार पियुष फोन सुरू करत म्हणाला, "काकू, ईमेल सांगा." दिगंबरराव सवयीने आपला पत्ता सांगू लागले.

"अहो, तुमचा नको," श्यामलाबाई म्हणाल्या. "ऋचा, माझं नवीन खातं काढ. पासवर्ड मी टाकणार, आणि टाकताना तुम्ही सगळे तिकडे बघा."

सगळे तिकडे बघू लागले. पियुषही.

"आता आवाज साठतोय का बघा," तो म्हणाला. श्यामलाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि इतके महिने जपलेली चाल तिथेच, कव्हरं टांगलेल्या भिंतीसमोर उभ्या राहून गुणगुणली. पहिल्या ओळीला त्या जरा लाजल्या, पुढे लाज विसरल्या. कव्हर बघणारी दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली.

"ही तू लावलीस?" दिगंबररावांनी हळूच विचारलं.

"मग, फोनने लावली?"

"मला कधी ऐकवली नाहीस."

"तुमच्याच खात्यात होती. तुम्ही पुसलीत."

दिगंबररावांचा चेहरा पडला. बायकोच्या फोनमधलं काही त्यांना आजवर मागून घ्यावं लागलं नव्हतं.

"मला पाठवशील?" त्यांनी विचारलं.

"आधी मंडळाला पाठवते," श्यामलाबाई म्हणाल्या, "मग तुम्हाला."

आणि दिगंबरराव स्वतःचा फोन हातात धरून, तो वाजायची वाट बघत, दुकानातच उभे राहिले.