रिकामा परत गेलेला डबा

विश्वेश मनाने फार उदार मुलगा हो! म्हैसूरला विद्यापीठात संख्याशास्त्रात एमएस्सी करतो. वर्गात कुणाला काही हवं असलं की हा मोबाइल काढून तयार. सिनेमे, सॉफ्टवेअर, पुस्तकं, सगळं फुकट! त्यामुळे वर्गाच्या ग्रुपवर स्वारीचा भाव भलताच वधारलेला.

त्या रविवारी तो अग्रहार भागात वेदवतीआत्याकडे जेवायला बसला होता. तेवढ्यात शेजारच्या जानकीकाकू डबा परत द्यायला आल्या. काकू पुण्याहून इथे आलेल्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या. आत्याने परवा त्यांना बिसिबेळे भात पाठवला होता. आज त्या डब्यात नारळाच्या वड्या होत्या.

"अक्का, माझ्या पुस्तकाचा दुसरा भाग काही निघत नाही," काकू म्हणाल्या. "पहिल्याची फाइल मुलांच्या मोबाइलवर फिरतेय. विकत कोण घेणार? प्रकाशकांनी हात वर केले."

विश्वेशने हातातला घास ताटात ठेवला. उदाहरणं तपासायला मदत केली म्हणून काकूंनीच कौतुकाने ती फाइल त्याला दिली होती. आणि यानेच ती ग्रुपवर टाकली होती, 'आमच्या काकूंचं पुस्तक' असं ऐटीत लिहून!

"काकू... मी टाकली," तो कसाबसा बोलला.

"तू?" काकूंचा चेहरा उतरला.

"पण सगळेच टाकतात की! पुस्तकं किती महाग असतात. मी कुठे पैसे घेतले? ही काय चोरी झाली?"

"अय्यो, एनो इदु! हे काय रे!" आत्याने वाढायचं थांबवलं. "या घरातून कुणाचा डबा कधी रिकामा परत गेलाय का रे? काकूंनी तुला भरला डबा दिला. तू तो गावभर वाटलास, वर मिरवलंस, आणि त्यांच्या हाती काय ठेवलंस? वाट की, बेकादष्टु, हवं तेवढं वाट! पण आपल्या हातचं वाट."

काकू हळूच म्हणाल्या, "अभ्यासापुरता उतारा घे, माझं नाव दे, ग्रंथालयातून पुस्तक ने, कायदा अडवत नाही. अख्खं पुस्तक वाटायचं तर मात्र लेखकाची परवानगी लागते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मीच काहीतरी केलं असतं रे. तू विचारलं नाहीस, त्याचं वाईट वाटतं."

विश्वेशला रडूच आलं.

घरी जाताच त्याने ग्रुपवरची फाइल काढली आणि सरळ माफी मागितली. काहींनी थट्टा केली. पुढे गेलेल्या प्रती काही परत येणार नव्हत्या, हेही त्याला कळत होतं. पण हरिणी नावाच्या वर्गमैत्रिणीने आपल्याकडची प्रत पुसली, आणि दोघं विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी ग्रंथालयासाठी पुस्तकाच्या प्रती मागवल्या. बरीच मुलं विकत घ्यायलाही तयार झाली.

पुढच्या रविवारी आत्याने पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, भरलेला डबा विश्वेशच्या हाती दिला. काकूंच्या दारात त्याला आत पाऊल टाकवेना.

"अरे, ये की! प्रकाशकांचा फोन आला होता. तुमच्या ग्रंथालयाची मागणी पाहून दुसऱ्या भागाचा पुन्हा विचार करतायत," काकू म्हणाल्या. "उदाहरणं तपासशील ना?"

"मी? अजूनही?"

"हो. पण फाइल मिळणार नाही हं, इथे माझ्यासमोर बसून तपासायची!"

विश्वेश डोळे पुसत हसला आणि तिथेच बैठक मारून कामाला लागला.

मंडळी, आपल्या मोबाइलवर येणारी प्रत्येक फाइल कुणाच्या तरी घरून, कष्टाने भरून आलेली असते. ती पुढे पाठवण्याआधी मालकाला विचारा, आणि त्याचा डबा रिकामा ठेवू नका!