अठरा मजल्यांचं जहाज

म्हातारा तरुणपणी जुन्या प्रवासी बोटीवर वाढपी होता. तिथेच वडिलांबरोबर परदेशी निघालेली एक मुलगी त्याला भेटली आणि पुढे त्याची बायको झाली. आता तिला विसरायचा आजार जडला होता. जुनं तेवढं लख्ख, सकाळचं मात्र दुपारी पुसून जाई. समुद्र बघून आईला बरं वाटेल, म्हणून लेकीने तिघांची तिकिटं काढली.

जहाज कसलं, अख्खं गावच पाण्यावर उभं केलेलं! अठरा मजले, दुकानं, घसरगुंड्या.

"बाबा, तुमची बोट इथे कोपऱ्यात मावेल."

"मावेल की. पण तिला कुठेतरी पोचायचं असायचं. ही नुसती फिरून घरी येते."

दुसऱ्या दुपारी जेवणानंतर तो हात धुऊन आला, तर बायकोची खुर्ची रिकामी. लेक कॉफी आणायला गेली होती. ती परतली, पण एकटीच.

लेक सुरक्षावाल्यांकडे धावली. म्हातारा एकेक मजला धुंडाळत निघाला. सगळीकडे तेच गालिचे, तेच दरवाजे. जुन्या बोटीवर सगळे तोंडओळखीचे, इथे ज्याला विचारावं तो हसून म्हणे, "काळजी करू नका, काका." कठड्यापलीकडचा विचार मनात येई नि तो झटकून टाकी.

जुन्या बोटीवर तिला पुढच्या टोकाला वाऱ्यात उभं राहायला आवडायचं. इथे तिकडची वाट बंद. मग वारा लागतो कुठे? विचारत विचारत तो खाली, जीवरक्षक होड्या टांगल्या होत्या तिथल्या अरुंद सज्ज्यावर आला. ती एका बाकावर बसली होती, एका पायात चप्पल नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अगं, किती शोधलं तुला!"

तिने परक्यासारखं पाहिलं. "हळू बोला हो. वडील वरच आहेत. मी एकाची वाट बघतेय."

"कोणाची?"

"चहा आणतो ना, तो. हसऱ्या तोंडाचा." ती लाजली. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती अशी लाजलेली त्याने पाहिली नव्हती.

"येईल," तो कसाबसा म्हणाला. "काम आटोपलं की येईल."

"तुम्ही बसा हवं तर. तो आला की मात्र उठा हं."

तो बसला. सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याला त्या पोराचा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याची लाजही.

लेक धावत आली नि आईच्या गळ्यात पडून रडू लागली. "माझंच चुकलं, बाबा."

"नाही गं. उद्या उतरू मात्र."

पुढच्या बंदरावर तिघं सामानासकट उतरली. उतरायचा जिना खडा होता, म्हणून म्हाताऱ्याने तिचा दंड धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"अहो, लोक बघताहेत," ती म्हणाली आणि लेकीचा हात धरून पुढे चालू लागली.