तिच्या तीन सारख्या रेघा

मित्रांनो, मी मुलांच्या दवाखान्यातला एक जुना श्वासमापक. माझ्या नळीत जोराने फुंकले की मी कागदावर रेघ काढतो. छातीत हवा कमी, तर रेघ आखूड. नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. आता माझी तार चिकटपट्टीने बांधली आहे. पोरांची लाळ, शेंबूड मी मुकाट झेलला. किळस आली ती एका स्वच्छ हातांच्या माणसाची.

तो आमचा तंत्रज्ञ. रेघ आखूड आली की अहवालावर शिक्का मारी: 'प्रयत्न अपुरा'. पुन्हा चाचणी घेण्याची कटकट मिटे आणि त्याचा चहा गार होत नसे.

एकदा नऊ वर्षांची मुलगी मावशीबरोबर आली. तिला सांध्यांचा आजार होता. शरीराची राखण करणाऱ्या पेशी तिच्याच शरीरावर उलटल्या होत्या, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. औषधाने गुडघे सुधारले, पण आता जिना चढताना ती दोनदा खाली बसे. तिने तीनदा फुंकले. तिसऱ्या वेळी ओठ निळसर झाले. तिन्ही रेघा आखूड, आणि तंतोतंत सारख्या.

अंगचोरपणा करणाऱ्याची रेघ दर वेळी वेगळी येते. जीव तोडून फुंकणाऱ्याची सारखी येते. हे त्या शहाण्याला पाठ होते. तरी त्याने शिक्का उचलला.

"ही लबाडी करत नाही हो," मावशी म्हणाली.

"सगळ्या मावश्या असंच म्हणतात," तो हसून म्हणाला. शी! हसत हसतच त्याने शिक्का मारला.

तो कागद पाहून घरचे तिला आळशी म्हणू लागले. शाळेत बाईंनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

सात महिन्यांनी ती चाकाच्या खुर्चीतून आली. नव्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या तिन्ही रेघा एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. एकच रेघ दिसली. त्याच आजाराने फुप्फुसे कडक होत होती. तेव्हाच औषध बदलले असते, तर फुप्फुसे बरीचशी वाचली असती, असे त्यांनी तंत्रज्ञाला तोंडावर सुनावले. तो निर्लज्ज म्हणाला, यंत्र जुने आहे.

मुलीने पुन्हा फुंकले. रेघ आणखी आखूड आली.

"या वेळी नीट फुंकलं ना मी?" तिने विचारले.

"तू तेव्हाही नीटच फुंकलं होतंस, बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग सगळे मला आळशी का म्हणत होते?"

मित्रांनो, दम लागतो म्हणणाऱ्या मुलाचे पहिल्याच दिवशी खरे माना. सात महिन्यांनी खरे मानून तिच्या छातीत हवा परत भरत नाही.