एक आडवी रेघ

"मॅडम, पिळून काढल्यावर वजन कमीच भरणार की," काकू म्हणाल्या.

मी मोबाइल खाली घेतला. खरं तर मी फक्त फोटो काढायला आले होते. आमच्या व्यवस्थापन महाविद्यालयाच्या शाश्वतता अहवालात चौदाव्या पानावर कॅन्टीनच्या वजनकाट्याचा फोटो हवा होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत एक वाक्य: 'ताटात टाकलं जाणारं अन्न ५६ टक्क्यांनी घटलं.' पाहणी माझ्या विषयाची होती, आकडा माझ्या विद्यार्थ्यांनी काढला होता आणि पानाखाली सही माझी होणार होती.

"पिळून म्हणजे?" मी विचारलं.

काकू भांडी घासण्याच्या विभागाच्या प्रमुख. सगळं कॉलेज त्यांना काकू म्हणतं, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा. त्यांनी ओल्या हाताने भिंतीपाशी बोट दाखवलं. तिथे कमरेएवढं स्टीलचं यंत्र होतं. वरून खरकटं टाकायचं, आत मोठा स्क्रू फिरतो, पाणी नळीतून गटारात जातं आणि दुसऱ्या तोंडातून चोथा डब्यात पडतो. तो डबा काट्यावर ठेवलेला होता.

"हे कधी बसवलं?"

"झाले की सात महिने. गाडीच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून देखभालवाल्यांनी आणलं."

"आणि काटा आधी कुठे होता?"

"तिकडे, दारापाशी. मग हे धूड आलं, त्याला जागा हवी. काटा इकडे सरकवला. प्लग इथेच आहे ना."

प्लग इथेच आहे. मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. व्यवस्थापन शिकवायला येण्याआधी मी अकरा वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. ओलं वजन आणि कोरडं वजन यांची गल्लत करू नका, हे मी नव्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात सांगत असे. इथे सात महिने रोज काट्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येत होता, मी आलेख काढत होते आणि एकदाही त्या काट्याशेजारी येऊन उभी राहिले नव्हते.

आलेख एका आठवड्यात रोजच्या ११८ किलोवरून ५२ वर आला होता. कोणाच्याही सवयी अशा एका आठवड्यात बदलत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आम्ही कॅन्टीनमध्ये 'हवं तेवढंच घ्या' अशी पोस्टरं लावली होती. पोस्टरांचा परिणाम झाला, असं मला मनापासून हवं होतं. म्हणून मी विचारलंच नाही.

"काकू, पाच दिवस यंत्रात टाकण्याआधी वजन करून द्याल?"

"देईन. पण काटा उचलून दारापाशी न्यायचा, लांब वायर लावायची, परत आणायचा. भांडी घासणाऱ्या पोरी शिव्या घालतील मला."

"मला घालू देत."

"तुम्हालाच घालतील," त्या म्हणाल्या. "मी नाव सांगणार आहे तुमचं."

पाच दिवसांची सरासरी ११३ किलो आली. म्हणजे घट चार टक्के.

संचालकांच्या खोलीत सगळं नीटनेटकं असतं. पुनर्वापर केलेल्या कागदाच्या वह्या, खिडकीत कुंड्या, प्रत्येक खुर्चीसमोर स्टीलची बाटली. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला आणलं होतं. वित्त, विपणन, मनुष्यबळ, प्रत्येक विषयात शाश्वत विकासाचा एक धडा असावा आणि तो पाठ करायचा नसावा, कॉलेजमध्येच करून बघायचा असावा, ही कल्पना त्यांची. मला ती आवडली होती. अजूनही आवडते.

त्यांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला. ते मूर्ख नाहीत.

"फाटकाबाहेर जाणारं वजन कमी झालं ना? गाडीच्या फेऱ्या अर्ध्या झाल्या ना?"

"झाल्या, सर. पण वाक्य ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल आहे. अन्न तेवढंच टाकलं जातंय. आपण फक्त त्यातलं पाणी गटारात सोडतोय."

"मूल्यांकन समिती पुढच्या गुरुवारी येतेय."

"माहीत आहे."

"बरं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खोटं छापायचं नाही, यावर आपलं दोघांचं एकमत आहे. चौदावं पान काढून टाकू. आकडाच नको. विषय संपला."

पहिल्यांदा वाटलं, सुटले.

"आणि फाटकावरचा फलक?" मी विचारलं. फाटकाच्या आत चार मीटर रुंद फलक होता. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा ५६.

"तो आत्ता उतरवला तर लोक विचारतील का उतरवला. समिती गेली की उतरवू."

"सर, पहिल्या वर्षाच्या तीनशे मुलांनी परीक्षेत छप्पन लिहिलंय. मी त्यांना गुण दिलेत."

"मॅडम." त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "तुमची दोन वर्षं या महिन्यात पूर्ण होतायत. कायम करण्याची फाईल माझ्याकडे आहे. मला ती मनापासून पुढे पाठवायचीय. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला डोक्याला ताप?"

घरी नणंदेला सांगितलं. ती दातांची डॉक्टर आहे, वरच्याच मजल्यावर राहते आणि आमच्याकडचा चहा तिच्याकडच्यापेक्षा बरा असतो असं तिचं मत आहे.

"म्हणजे तुझी चूक, तुझ्याशिवाय कोणाला कळलेली नाही, साहेब म्हणतायत गुपचूप मिटवू, आणि तुला ती चार मीटर रुंद करायचीय," ती म्हणाली. "वहिनी, लोक चुका लपवण्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावतात गं."

"तू चुकून भलताच दात काढलास तर?"

"अगं बाई, शुभ बोल!" तिने कप खाली ठेवला. "कागदावर लिहीन. काय काढायचा होता, काय काढला. दोन्ही. नाहीतर पुढचा डॉक्टर तिसराच काढेल."

"तेच म्हणतेय."

"पण नोकरी गेली तर माझ्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायला बसवणार नाही हं तुला. तू पेशंटचे दात मोजत बसशील."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर ११८, ५२ आणि ११३ असे तीन आकडे लिहिले आणि काटा कुठून कुठे सरकला ते सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

एकतीस जणांपैकी सगळ्यात आधी टक्केवारी उठली. ती कुठलीही गोष्ट टक्क्यांत बोलते म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. पोस्टरं तिच्या गटाने केली होती, छप्पनसाठी वार्षिक पारितोषिक तिलाच मिळालं होतं, आणि फलकाखाली बारीक अक्षरांत तिच्या गटाची नावं होती.

"पाच दिवस मोजून तुम्ही आमचे सात महिने खोडून काढताय?" तिचा चेहरा लाल झाला होता. "त्या पाच दिवसांत परीक्षा होती. लोक कमी खातात, जास्त टाकतात. मला शंभर टक्के मान्य नाही."

"मान्य करू नकोस," मी म्हटलं. "तपास."

"कसं?"

"यंत्राआधीचं शंभर ग्रॅम घे, यंत्रानंतरचं शंभर ग्रॅम घे. दोन्ही पूर्ण वाळव. पाणी गेल्यावर जे उरेल ते अन्न. परीक्षेचा त्याच्याशी संबंध नाही."

आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. वाळवणारी भट्टी एकच, कॅन्टीनची, पाव भाजायची. काकूंनी आधी हात जोडले.

"माझ्या भट्टीत खरकटं? उद्या म्हणाल तव्यावर माती भाजा."

"झाकण लावून ठेवू, काकू," टक्केवारी म्हणाली.

"वास आला तर तुलाच आत ठेवीन."

एकशे पाच अंशांवर सकाळी आठ ते दुपारी चार. मग वजन, मग आणखी एक तास, परत वजन, ते बदललं नाही तोवर. यंत्राआधीच्या शंभर ग्रॅमचे उरले बावीस. यंत्रानंतरच्या शंभरचे चव्वेचाळीस. टक्केवारीने तिथेच पावाच्या टेबलावर गुणाकार केला. रोजच्या ११३ किलोत कोरडं अन्न जेमतेम पंचवीस किलो. रोजच्या ५२ किलोत तेवीस.

"मधले दोन किलो कुठे गेले?" तिने विचारलं.

"नळीत," काकू म्हणाल्या. "रोज शितं अडकतात. मीच काढते काडीने."

टक्केवारी बराच वेळ दोन्ही डबे बघत होती. एकात राखाडी पापुद्रा, दुसऱ्यात तसाच, जरा जाड. मग तिने वहीत आधी लिहिलेल्या छप्पनवर एक आडवी रेघ मारली, शेजारी चार लिहिलं, आद्याक्षर आणि तारीख घातली. पहिल्या तासाला मी त्यांना हेच शिकवलं होतं. चुकीचा आकडा गिरगटायचा नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. म्हणजे पुढच्या माणसाला आपण काय समजत होतो आणि कधी समज बदलली, दोन्ही कळतं.

"मॅडम," ती म्हणाली, "फलकावर अजून छप्पनच आहे."

गुरुवारी नऊला माझा तास होता. समिती दहाला येणार होती. नवा अहवाल सभागृहात मांडून ठेवलेला मी येताना पाहिला. तेराव्या पानानंतर पंधरावं पान होतं. घाईत पानांचे आकडे बदलायचं राहून गेलं होतं.

मी वर्गाला घेऊन फाटकापाशी गेले. शिडी काकूंनी दिली होती. फाटकावरचा पहारेकरी टोपी सारखी करत आला.

"मॅडम, परवानगी?"

"माझा तास आहे."

"तास वर्गात असतो."

"हा इथे आहे. शिडी धरता का जरा? हलतेय."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि शिडी धरली. मला उंचीची भीती वाटते. तरी सातव्या पायरीवरून रेघ सरळ आली, कारण लांब पट्टी खालून टक्केवारीने वर दिली. छप्पनवर एक लाल आडवी रेघ. शेजारी ४. खाली माझी सही, तारीख. मी उतरले, ती चढली. तिने आपल्या गटाच्या नावांशेजारी आद्याक्षर घातलं. मग बाकीचे एकेक चढले. दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी आत आली तेव्हा एकोणतिसावा वर होता.

संचालक समितीच्या स्वागताला पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी फलक पाहिला, मला पाहिलं.

समितीच्या अध्यक्षा गाडीतून उतरून सरळ फलकापाशी आल्या. "हे काय आहे?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

"कोणाची चूक?"

"माझी. काटा पाणी काढणाऱ्या यंत्राच्या आधी नाही, नंतर बसवलेला होता. मी सात महिने जाऊन बघितलं नाही."

"अहवालात आहे हे?"

"नाही. चौदावं पान नाहीये त्यात."

संचालकांनी घसा साफ केला. अध्यक्षांनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग त्या आत गेल्या आणि दिवसभर बाकीचे विषय तपासत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मला पत्र आलं. कायम करण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला होता. कारण: 'संस्थेच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण.' फलक उतरवून गोदामात ठेवला होता. पत्राची पोच म्हणून सही करायची होती. मी केली, आणि खाली लिहिलं: 'मिळालं. मान्य नाही.'

नणंदेला पत्र दाखवलं. "विद्रूपीकरण," तिने मोठ्याने वाचलं. "अक्षर तर चांगलं आहे तुझं."

सोमवारी सकाळी पावणेआठला मी कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत गेले. टक्केवारी आणि आणखी सहाजण आधीच आले होते. काकूंनी दाराजवळची जागा धुऊन कोरडी करून ठेवली होती. देखभाल विभागाला मी तीनदा लेखी विचारलं होतं, काटा परत दारापाशी बसवाल का, तिथे प्लग काढून द्याल का. तीनदा उत्तर आलं होतं, विचाराधीन आहे.

"विचार करू देत त्यांना," काकू म्हणाल्या. "तोवर ही वायर घ्या. भिंतीला क्लिपा मीच ठोकल्यात. पाय अडकून कोणी पडायला नको."

आम्ही सगळ्यांनी मिळून काटा उचलला. तो दिसतो त्यापेक्षा जड आहे. दारापाशी ठेवला, पातळी पाहिली, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं. त्यानंतर त्या दिवशीचा प्रत्येक डबा यंत्रात जाण्याआधी काट्यावर चढला, आणि अडीच वाजता, शेवटचं जेवण संपल्यावर, टक्केवारीने बेरीज केली. मग परत केली.

"एकशे सोळा," ती म्हणाली. "मॅडम, तीन किलो वाढलंय. चारचे दोनच टक्के उरले."

काकूंनी पाइप बंद केला.

"लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "आणि उद्या परत ये."